गोवळकोंड्याची टाळी

येळवशीची भज्जी चुलीवर रटरटायला लागली की मला हैदराबाद आठवतं. हे मी कुणाजवळ बोलत नाही, कारण हैदराबाद म्हटलं की लोकांना बिर्याणी आठवते, मोती आठवतात, आणि मला मात्र तुरीचे हिरवे दाणे, कांद्याची पात, आंबट ताकात शिजणारं पीठ. कुठल्या गोष्टीची गाठ कशाशी पडेल ते आपल्या हातात थोडंच असतं! माझी पडली आहे, आणि आता ती सोडवायची माझी इच्छाही नाही.

येळवस म्हणजे पंचांगातली वेळ अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना नवी शाल पांघरायची, पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. मग जेवायला बोलावलेले, न बोलावलेले, वाटेवरून जाणारे सगळे पंगतीला. माझं माहेर लातूरजवळचं औसा, सासर देगलूरच्या बाजूचं, आणि आयुष्य गेलं नांदेडात शाळेत मराठी शिकवण्यात. पण येळवशीला शेत चुकलं असं एकच वर्ष झालं. ते पहिल्या आजारपणाचं.

आत्ता मी कोपीजवळ बसून भज्जी ढवळते आहे. पलीकडे ज्वारीत राघू उतरलेत आणि आमचे हे टाळ्या वाजवून त्यांना उठवत आहेत. यांचं नाव दत्तात्रय. मी ते लग्नात उखाण्यात घेतलं होतं आणि आता इथं लिहिलं, बस. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहेत, पण राखणीला बसलेला देगलूरकडचा पोरगा त्यांच्यातून गेला नाही. लहानपणी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं राखायचे तेव्हा इतर पोरं गोफण चालवायची. यांना पाखराला दगड लागेल याची भीती, म्हणून हे टाळी वाजवायचे. तळवे पोकळ धरून, दोनदा जवळजवळ, मग जरा थांबून एक मोठी. अजून घरी आले की बेल वाजवत नाहीत, जिन्याखाली उभे राहून तीच टाळी. सगळी गल्ली ओळखते. मी नवी नवरी असताना मला त्या टाळीची लाज वाटायची. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींची लाज वाटायची.

आमच्याकडे कुणी "हैदराबादला चाललो" म्हणालं की समोरचा आधी आवाज खाली आणतो आणि विचारतो, "का हो, कुणाला काय झालं?" हैदराबाद म्हणजे दवाखाना. लग्नाचा बस्ता बांधायला जाणारेही असतात, पण ते हसत सांगतात, म्हणून ओळखू येतात. मला छातीत कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा आम्हीही आवाज खाली आणूनच गेलो होतो. एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा दवाखान्यामागच्या लॉजमध्ये काढला. खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची आणि एका चष्म्याच्या दुकानाच्या पाटीची मागची बाजू. एवढं मोठं शहर, पण माझ्या वाट्याला आला तो हॉर्नचा आवाज आणि फिनेलचा वास. कँटीनमध्ये मात्र आपलीच माणसं: मुखेडची, परभणीची, उदगीरची. "तुम्ही कुठले?" "आम्ही धर्माबादचे." "मग काय जवळच की!" अशा ओळखी व्हायच्या आणि एखाद्या सकाळी त्यातला एखादा बाक रिकामा दिसायचा.

त्या सगळ्या काळात माझ्या आजाराची बातमी मला यांच्याकडून मिळायची, आणि तीही छाटून. यांना तेलुगू येतं, देगलूरच्या माणसाला ते आईच्या दुधासोबतच येतं. डॉक्टर यांच्याशी व्हरांड्यात तेलुगूतून बोलायचे. काचेच्या दारातून मला त्यांचे हात हललेले दिसायचे, यांची मान हललेली दिसायची, बराच वेळ ते चालायचं. मग हे आत येऊन म्हणायचे, "एमी लेदु. काय न्हाई. चांगलं हाय म्हणाले." शाळेत मी मुलींना उताऱ्याचा सारांश लिहायला सांगते, एवढा छोटा सारांश माझ्या वर्गात कुणी लिहिला असता तर मी वही परत दिली असती. पण तेव्हा माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. आणि खरं सांगू, पूर्ण ऐकायचं धाडसही नव्हतं.

बरी झाले. केस आले, तेही आधीपेक्षा कुरळे. दरवर्षी येळवस झाली की तपासणीला जायचं, त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसायचं, असं ठरून गेलं. मग आलं ते वर्ष, ज्याबद्दल मी हे लिहिते आहे.

त्या वर्षीची येळवस फार छान झाली होती. पुण्याहून लेक ऋतुजा आली होती, तुरी अशा लागल्या होत्या की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही डब्यात उरलेली भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे घेऊन गाडीत बसलो. धर्माबाद गेलं की डब्यातली बोली बदलते, चहावाल्याच्या हाकेचा सूर बदलतो, आणि हे खिडकीशी सरसावून बसतात. मला वाटत होतं, नेहमीसारखं होईल. डॉक्टरांनी तपासलं, डाव्या काखेत बोटं फिरवली, आणि बोटं एका जागी थांबली. पुन्हा फिरवली आणि पुन्हा तिथंच थांबली. सुईनं तुकडा काढला, तपासणीला पाठवला. म्हणाले, तीन दिवसांनी कळेल.

बाहेर आलो. यांनी लगेच संध्याकाळच्या गाडीची चौकशी सुरू केली. मी बाकावर बसले होते. समोर एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. आणि मला एकदम राग आला. कशाचा म्हणाल तर सगळ्याचाच. त्या बाकाचा, त्या वासाचा, नांदेडात जाऊन तीन दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसणाऱ्या माणसांचा.

"मी न्हाई येणार आज," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे इथंच राहायचं. तीन दिवस."

"आगं, इथं काय करून राहायचं तीन दिवस? आसं बसून?"

"हैदराबाद बघायचं. एवढ्या वेळा आलो, चारमिनार तरी बघितला का आपण?"

हे शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "निर्मले, ही काय फिरायची येळ हाय का?"

"मग कधीची हाय?"

त्यांनी गाडीची चौकशी तिथंच सोडली. कधीची ते खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं, पण मी ते दाखवलं नाही.

आधी लॉज बदलला. दवाखान्यापासून लांब, जुन्या शहराच्या बाजूला. फाईल खोलीतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. नियम एकच सांगितला: तीन दिवस त्या विषयावर बोलायचं नाही, आणि नंतर जे काही कळेल ते मला पूर्ण सांगायचं, छाटायचं नाही. "शप्पथ घ्या," म्हटलं. "शप्पथ कशापायी," ते पुटपुटले, पण गळ्याला हात लावला. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी कुठं गेलोच नव्हतो. देवाला गेलो ते सासूबाईंसोबत, उटीला गेलो ते दिरांच्या कुटुंबासोबत, आणि दवाखान्यात असतो तेव्हा आजार तिसरा असतो. तो तिसरा कपाटात बंद करून आम्ही भज्जीचा डबा उघडला. गार भज्जी, गार उंडे, बाहेर मशिदीची बांग. मला सणापेक्षा जास्त गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नटूनथटून निघालो. मी मोरपंखी साडी नेसले होते, यांनी इस्त्रीचा शर्ट. रिक्षात बसलो, हे रिक्षावाल्याशी दखनीत काहीतरी बोलले, आणि मी रस्ता बघण्यात दंग झाले. किती वळणं घेतली कोण जाणे. रिक्षा थांबली, हे खाली उतरले, सवयीनं बगलेतली फाईल चाचपायला लागले. मी वर बघितलं तर दवाखान्याचं दार! इतक्या वर्षांच्या सवयीनं यांच्या तोंडून चारमिनारऐवजी दवाखान्याचं नाव गेलं होतं. बगलेत फाईल नव्हती, आणि हे तिथंच उभे, लेकरू जत्रेत हरवावं तसा चेहरा करून.

मला हसू आलं. इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती हे माझं मलाच कळेना. रिक्षावाला घाबरला. मागं वळून म्हणाला, "क्या हुआ अम्मा? तबियत ज्यादा खराब है क्या?"

"नै भैया," मी डोळे पुसत म्हटलं, "आज तबियत का दिन नहीं है. चारमिनार चलो."

"हौ अम्मा, बैठो साब," तो म्हणाला आणि त्यानं रिक्षा अशी वळवली की मागचा बसवाला ओरडला. वाटेत हे एवढंच म्हणाले, "जिभेला वळण लागलंय गं." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. रस्त्यात, दिवसाढवळ्या. तेवढं हैदराबादनं आमच्याकडून करून घेतलं.

चारमिनार मला चित्रातल्यापेक्षा लहान वाटला आणि त्याच्याभोवतीची माणसं चित्रातल्यापेक्षा फार जास्त. फळांच्या गाड्या, अत्तराच्या बाटल्या, बुरख्यातल्या पोरींची खिदळत चाललेली टोळी, एका टोपलीत पिलांसह बसलेली मांजर. लाखेच्या बांगड्यांच्या गल्लीत शिरलो. दुकानदारानं माझा डावा हात धरायला हात पुढं केला. त्या हाताला घट्ट काही घालायचं नाही, सुई टोचायची नाही, असं पहिल्या ऑपरेशनपासून सांगितलेलं. मी उजवा पुढं केला. "सिर्फ एक हाथ में, अम्मा?" "हौ, एकच." त्या एका हातात त्यानं अशा झगमगीत बांगड्या चढवल्या की मी दिवसभर तो हात उगाचच केसांवरून फिरवत होते.

आणि हे! यांना मी इतकी वर्षं ओळखते असं मला वाटत होतं. नांदेडात चार शब्द बोलणारा माणूस इथं प्रत्येक दुकानाच्या पायरीवर थांबत होता, दखनीत थट्टा करत होता, भाव पाडत होता, दुकानदारानं "क्या साब, गरीब को मारते क्या" म्हटलं की खदाखदा हसत होता. देगलूरच्या बाजारात वाढलेली ती बोली त्यांच्या पोटात कुठंतरी नुसती पडून होती. मी एका ओट्यावर बसून इराणी चहा पीत त्यांच्याकडे बघत होते, आणि मला वाटलं, हा माणूस मला अजून बराच बघायचा राहिलाय. मरणाची भीती मला त्या क्षणी जेवढी वाटली तेवढी व्हरांड्यात कधी वाटली नव्हती.

लोक हैदराबादला येऊन मोती बघतात. आम्ही डाळ बघितली. बेगमबाजारात शिरलो आणि एका घाऊक दुकानापुढं तुरीच्या डाळीची रास दिसली. यांचे पाय तिथंच रुतले. मूठभर डाळ तळहातावर घेतली, उजेडाकडे धरली, दाताखाली एक दाणा फोडला. "कहाँ का माल?" दुकानदार म्हणाला, "लातूर का है साब, एक नंबर." मग काय विचारता! "ये लातूर के हैं," म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं, जणू डाळ मीच भरडून पाठवली होती. दुकानदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं. पावसानं यंदा काय केलं, शेंगा पोखरणाऱ्या अळीचं काय, मिलवाले काय करून राहिलेत, यावर दोघांचं असं काही जमलं की मी शेवटी त्यांच्या शर्टाची बाही ओढली. पर्यटनाला म्हणून निघालेलं जोडपं हैदराबादेतली एक अख्खी दुपार डाळीच्या दुकानात घालवतं, हे आमच्याशिवाय कुणाला जमणार?

एका संग्रहालयात जुनं घड्याळ आहे. तास झाला की त्यातून छोटा बाहुला बाहेर येतो आणि टोल देतो. ते बघायला माणसं शाळेतल्या पोरांसारखी समोर जमून बसतात. आम्हीही बसलो. बाहुला आला, टोल दिले, आत गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांनी मात्र स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि पटकन नजर चोरली. तिसरा दिवस जवळ येत होता. मी म्हटलं, "उद्या गोवळकोंडा." ते म्हणाले, "माझे गुडघे..." मी म्हटलं, "तुम्ही खाली बसा. मी चढते."

गोवळकोंड्याच्या खालच्या दरवाज्यात एक घुमट आहे. त्याखाली टाळी वाजवली की ती पार वर, टेकडीच्या टोकावरच्या बारादरीच्या दालनात ऐकू येते. शत्रू आला की वर कळावं म्हणून केलेली योजना, असं गाईड दिवसभर लोकांना सांगत असतात आणि टाळ्या वाजवून दाखवत असतात. हे ऐकून यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आयुष्यभर टाळीनं पाखरं उठवलेल्या माणसाला कुणीतरी टाळीसाठी किल्ला बांधून ठेवला होता!

"तू वर पोचलीस की मी वाजवतो," ते म्हणाले. "ऐकू येती का बघ."

"आणि मी वरून वाजवली तर?"

"वरनं खाली येत न्हाई म्हणून राहिला गाईड. खालनंच वर जाती."

मी चढायला लागले. सावकाश, साडीचा घोळ हातात धरून. दम लागला की थांबायचं, दगडाला हात टेकायचा. तरण्या पोरी मला मागं टाकून जात होत्या, एकीनं विचारलंही, "आंटी, मदत करू?" मी म्हटलं, "नको गं, मी चढणार आहे." ते मी तिला सांगत नव्हते. काखेत सुईची जागा ठसठसत होती. तिला म्हटलं, ठसठस खुशाल, पण वर मीच जाणार.

वर वारा होता. सगळं शहर खाली पसरलं होतं, धुरकट, अफाट. त्यात कुठंतरी तो दवाखाना होता आणि इथून तो ओळखूही येत नव्हता. मी बारादरीत जाऊन उभी राहिले. टाळ्या येत होत्या: गाईडची कडक टाळी, पोरांच्या टाळ्या, एखादी शिट्टी. यांची येईना. मी वाट बघितली. पुन्हा कुणाची तरी आली, यांची नाही. माझ्या मनात आलं, गुडघे दुखले असतील, चहा प्यायला गेले असतील, डाळवाला भेटला असेल. पण यातलं काही मला पटत नव्हतं. उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून मी नुसती उभी राहिले.

मग ती आली. पोकळ तळव्यांची, दोनदा जवळजवळ. मग थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली. आणि मग ती एक मोठी. जिन्याखालची, माळ्यावरची, माझी. मला तेवढ्यात सगळं समजलं, आणि तरी सांगते, मला बरं वाटलं. मी दोन्ही हात उचलून परत टाळी वाजवली. ती खाली पोचणार नव्हती हे माहीत होतं, तरी वाजवली.

खाली आले तेव्हा हे दरवाज्याजवळच्या दगडावर बसले होते. फोन दोन्ही हातांत धरलेला.

"डॉक्टरांचा आला होता?"

"हाव."

"सांगा."

"आगं, आधी बस. पाणी पी. एमी..." आणि ते थांबले. माझ्याकडे बघितलं. शपथ आठवली असणार. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. डॉक्टर जसे बोलले होते तसं आधी एक वाक्य तेलुगूत म्हणायचे, मग ते मराठीत. पुन्हा एक तेलुगूत, एक मराठीत. एकही शब्द गाळायचा नाही म्हणून. गाठ परत आलीय. लहान आहे. सध्या तरी तिथंच आहे असं दिसतंय. ऑपरेशन लवकर करायचं. नंतरची औषधं आधीपेक्षा जड असतील. केस जातील. हात वर करायला त्रास होईल. शेवटचं वाक्य त्यांनी तेलुगूत म्हटलं आणि गप्प झाले. मी वाट बघितली.

"पूर्ण बरं होईल याची खात्री देता येत न्हाई, म्हणाले," हे म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले.

ते वाक्य आधीच्या खेपेला माझ्यापर्यंत कधीच आलं नसतं. ते ऐकून मी मोडून पडेन असं यांना तेव्हा वाटायचं, मलाही वाटायचं. पडले नाही. मी त्यांच्या शेजारी दगडावर बसले, पिशवीतून उरलेले उंडे काढले. कडक झाले होते. शेंगदाण्याच्या चटणीला लावून आम्ही ते खाल्ले, मधेमधे नाक पुसत. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

"आता लॉजवर जायचं?" त्यांनी विचारलं.

"अजून उजेड हाय. त्या पलीकडच्या राजांच्या कबरी, ते मकबरे राहिलेत की."

"मकबरे नको गं आज," ते इतक्या कळवळून म्हणाले की मला हसू फुटलं, आणि मग त्यांनाही. मकबरे सोडून दिले. त्याऐवजी एका हॉटेलात जाऊन पावाचा गोड डबल का मीठा खाल्ला, दोघांत एक, आणि मग आणखी एक.

नांदेडला परतलो तर शेजारच्या वैशालीताई सफरचंदं घेऊन हजर. "काय म्हणाले हो डॉक्टर?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. मी त्यांना आधी बांगड्या दाखवल्या. चारमिनार, डाळ, घड्याळातला बाहुला, सगळं सांगितलं, आणि मग म्हटलं, "गाठ परत आलीय, ऑपरेशन आहे." नेहमीच्या आवाजात सांगितलं. त्यांना कुठल्या वाक्याला कसं तोंड करावं ते कळेना. बिचाऱ्या सफरचंदं चिरायला बसल्या.

ऑपरेशनसाठी गेलो तेव्हा शहर तेच होतं, पण मी त्याला आता ओळखत होते. रिक्षातून जाताना म्हणायचे, इकडून वळलं की आपला डाळवाला, इकडं तो चहा. औषध चढवताना डोळे मिटले की पाण्याच्या टाकीऐवजी बारादरीतला वारा आठवायचा. ऑपरेशनच्या दिवशी मला ढकलगाडीवर घालून त्या लांब व्हरांड्यातून नेलं. हे दारापर्यंत आले, तिथं त्यांना थांबवलं. दार बंद झालं. वर दिवे सरकत होते, गार वाजत होतं, कुणीतरी तेलुगूत काही विचारत होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी अगदी एकटी होते. आणि मागून, बंद दाराच्या पलीकडून, टाळी आली. दोनदा जवळजवळ. मग थांबून एक मोठी.

माझे हात पट्ट्यांनी बांधलेले होते, सलाईन लावलेलं. उत्तर देता आलं नाही.

नंतर मी शुद्धीवर आल्यावर यांनी मला सगळं सांगितलं, छाटता. म्हणजे न छाटता! बघा, त्या दिवसाचं लिहिताना माझाच शब्द गळतो. डॉक्टर काय म्हणाले ते तर सांगितलंच, पण टाळीबद्दल नर्सबाईंनी यांना जे झापलं तेही आधी तेलुगूत आणि मग मराठीत: "ही काय जत्रा हाय का? म्हातारे झालात, अक्कल न्हाई का?" आणि त्यावर यांनी काय उत्तर दिलं तेही. "बाई, तिला ऐकू जायला पाहिजे होतं."

औषधं खरंच जड होती. त्याबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलंय, कारण त्यांना माझ्या आयुष्यातली पुरेशी जागा मिळाली. हाताबद्दल मात्र लिहिते. डावा हात खांद्याच्या वर जाईना. भिंतीला बोटं लावून इंच इंच वर चढवायची, असा व्यायाम होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी रोज हळदीचं बोट लावायचे, आज कुठपर्यंत गेला त्याची खूण. ऋतुजा म्हणायची, आई, भिंत खराब झाली. मी म्हणायचे, होऊ दे, भिंतीला रंग देता येतो. कित्येक दिवस खूण तिथल्या तिथंच पडायची. मग एखाद्या दिवशी जराशी वर.

आज पुन्हा येळवस. औषधं संपून बरेच महिने झाले. परवा तपासणी आहे, पिशवी भरून कोपीत ठेवली आहे, त्यात भज्जीसाठी रिकामा डबा आहे. या वेळेला चार दिवस राहायचंय. मकबरे बघायचेत, मी यांना आधीच बजावून ठेवलंय. डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत नाही. जे सांगतील ते मी ऐकणार आहे, पूर्ण, आणि मग बाजारात जाणार आहे.

पूजा झाली. हे आंबील शिंपडत शेताच्या फेरीला गेलेत. ज्वारी पुरुषभर उंच झालीय, त्यामुळे ते दिसत नाहीत, नुसती धाटं हलताना दिसतात, आधी जवळ, मग लांब, मग पार पलीकडच्या बांधाशी. तिथून टाळी आली. राघूंचा थवा हिरवा कल्ला करत उठला. दोनदा जवळजवळ, मग एक मोठी.

मी पळी खाली ठेवली. उठून उभी राहिले. दोन्ही हात उचलले. उजवा सरळ वर गेला, डावा कानाशी येऊन नेहमीच्या जागी अडला. दुखलं. मी थांबले, दात आवळले आणि तो आणखी वर ढकलला, डोक्याच्या वर, जिथं भिंतीवर अजून हळदीची खूण पडलेली नाही तिथं. आणि टाळी वाजवली. दोनदा, आणि मग एक मोठी.

ज्वारीतली हालचाल थांबली. क्षणभर नुसता वारा. मग बांधाकडून त्यांची हाक आली, "निर्मले! आलं गं, ऐकू आलं!"